पंक्तीचा मान आणि न्यायाचा मान

सोमेश्वरनगरच्या एका एकत्र कुटुंबाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेविला आहे. घरातील एका तरुणाने नुकतीच वकिलीची सनद घेतली. कायद्याला वाहिलेल्या एका मासिकाच्या वार्षिक भोजनसमारंभाचे निमंत्रण त्यास आले असून, तेथे नामांकित वकिलांचा व न्यायाधीशांचा सत्कार व्हावयाचा आहे. काका म्हणतात, "अवश्य जा, चार थोरांच्या ओळखी होतील." आजींचे म्हणणे असे की, ज्यांच्यापुढे उद्या अशिलाची बाजू मांडावयाची, त्यांच्या पंक्तीस आज बसणे बरे दिसत नाही. घरात दोन तट पडल्याने निवाडा आमच्याकडे आला आहे.

प्रथम काकांची बाजू पाहू. वकिली आणि भोजन यांचा संबंध जुना आहे. लंडनच्या ज्या संस्थांतून बॅरिस्टर तयार होत, तेथे परीक्षेबरोबरच ठराविक जेवणांस हजर राहणे आवश्यक असे. गांधीजी १८९१ साली 'इनर टेंपल'मधून बॅरिस्टर झाले ते ही जेवणे पुरी करूनच. नवशिक्यांनी थोरांच्या सहवासात व्यवसायाची रीतभात शिकावी, हा त्यातील हेतू. कायद्याच्या नियतकालिकांचे उपकारही थोडे नव्हेत. १८९९ साली 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' निघाला आणि मुंबई हायकोर्टाचे निवाडे गावोगावच्या वकिलांच्या हाती पडू लागले. अशा कार्याच्या निमित्ताने कोणी गुणीजनांस शाल-श्रीफळ दिले, तर त्यात वावगे काय?

परंतु आजींचे म्हणणे यामुळे खोटे पडत नाही. वाटणीसाठी नेमलेला पंच निवाड्याच्या आदल्या रात्री थोरल्या भावाकडे श्रीखंड-पुरी जेवून आला, तर त्याचा निवाडा कितीही निर्मळ असो, धाकट्याच्या मनात किंतु राहतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी १९९७ साली स्वतःसाठी जे आचारनियम स्वीकारले, त्यांतही हेच तत्त्व आहे. वकिलांशी व्यक्तिशः निकटचा संबंध टाळावा, पदास शोभेल इतके अलिप्त राहावे, आणि आप्तेष्ट वगळता इतरांच्या भेटी वा पाहुणचार स्वीकारू नयेत, असे ते नियम सांगतात. आजींनी ते वाचले नसतील. पण चार सुना आणि तितकेच मुलगे सांभाळणाऱ्या बाईस हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही.

नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली वध झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द राघोबादादांस दोषी ठरविले आणि पद सोडून ते निघून गेले. त्यांचे नाव आजही घरोघर निघते ते या निवाड्यामुळे; त्यांचा सत्कार कोणी, कोठे केला हे कोणी विचारीत नाही.

आम्हांस चिंता वाटते ती अशिलाची. निरेच्या कालव्यावर ऊस पिकविणारा एखादा शेतकरी बांधाच्या तंट्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढतो. विरुद्ध पक्षाचा वकील न्यायाधीशांशेजारी जेवावयास बसल्याचे छायाचित्र त्याने पाहिले, तर त्यास काय वाटेल? हरला तर तो दोष पुराव्यास देणार नाही, पंक्तीस देईल. एकदा असा संशय शिरला की पुढील खरा निवाडाही त्यास खोटाच वाटतो. हे नुकसान कोणत्याही मानपत्राने भरून निघत नाही.

म्हणून आमचा निवाडा असा : चिरंजीवांनी समारंभास जावे, ज्येष्ठ वकिलांची भाषणे मन लावून ऐकावीत आणि पानाचा खर्च स्वतः द्यावा. ज्यांच्यापुढे आपले काम चालू आहे असे न्यायाधीश तेथे असल्यास दुरून नमस्कार करावा. चालू दाव्याचा शब्दही काढू नये. आणि घरी आल्यावर अशिलांपुढे कोणाच्या ओळखीचा तोरा मिरवू नये. यांपैकी एकही गोष्ट जमणार नसेल, तर त्या रात्री घरीच जेवावे.

काकांनी राग मानू नये. आजींस आमचा साष्टांग नमस्कार कळवावा.