नाटक, संस्था आणि नगर

भारतीय भाषांतील आधुनिक नाटकाचा अभ्यास आजही मुख्यतः नाटककारांच्या नावाने चालतो. तेंडुलकर, कार्नाड, बादल सरकार, मोहन राकेश ही नावे घेतली की अभ्यासक्रमाचा आराखडा पुरा झाला असे मानले जाते. मुद्रित संहिता हाती येते, तिचे भाषांतर होते, त्या भाषांतरावर प्रबंध लिहिले जातात. मात्र ज्या नाट्यसंस्थेने ती संहिता रंगमंचावर उभी केली आणि ज्या नगराने ती स्वीकारली किंवा नाकारली, त्यांचा उल्लेख प्रस्तावनेतील ऋणनिर्देशापलीकडे क्वचितच जातो. ही केवळ तपशिलाची उणीव नाही. तिच्यामुळे नाटकाच्या अर्थाचेच आकलन अपुरे राहते.

‘घाशीराम कोतवाल’चे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. विजय तेंडुलकर हे मुंबईकर लेखक. नाटकाचा विषय मात्र उत्तर पेशवाईतील पुणे. 1791 मध्ये जमावाच्या हातून मारल्या गेलेल्या कोतवालाची कथा मराठी वाङ्मयाला नवी नव्हती. मोरोबा कान्होबा यांनी 1863 मध्येच तिच्यावर पुस्तक लिहिले होते. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा रंगमंचावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची एक रांग उभी होती. ती पाठमोरी झाली की पडदा होई, वळली की पुन्हा नगर होई. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन यांतून ही जिवंत भिंत घडली. छापील संहितेत तिचा निर्देश सापडतो, पण तिचे कार्य सापडत नाही. नानांचे दुष्कृत्य झाकणारी भिंत आणि ते खपवून घेणारे नगर एकच आहे, हा नाटकाचा गाभा प्रयोगातच सिद्ध होतो. शिवाय त्या रांगेत उभे असलेले नट पुण्याचेच होते आणि समोर बसलेला प्रेक्षकही पुण्याचाच होता.

पुढे जे घडले ते या अन्वयार्थाला पुष्टी देणारे आहे. 19 प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या निर्मात्या संस्थेच्या धुरीणांनी नाटक थांबविले. इतिहासाचा विपर्यास आणि एका जातीची बदनामी हे आक्षेप तेव्हा जोरात होते. नाटक करणाऱ्या तरुणांनी संस्था सोडली, 1973 मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि 1974 च्या आरंभी प्रयोग पुन्हा सुरू केले. याचा अर्थ असा की एका नाटकासाठी एक संस्था जन्माला आली. 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्याला तीव्र विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तरी संस्थेने माघार घेतली नाही. संस्थेचा हा निर्धार वजा केला तर आज भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित असलेले हे नाटक कदाचित 19 प्रयोगांनिशी संपलेली एक स्थानिक वादंगाची नोंद म्हणून उरले असते.

असा निर्धार कोठून येतो? मराठी रंगभूमीवर व्यावसायिक आणि हौशी असे दोन प्रवाह जुने आहेत. व्यावसायिक निर्मात्याला कंत्राटदार, तिकीटविक्री आणि नटाची ‘नाइट’ यांचा हिशेब चुकत नाही. रोष ओढवून घेणारे नाटक तो फार काळ चालवू शकत नाही. हौशी मंडळी बहुधा स्पर्धेपुरती एकत्र येतात आणि निकालानंतर पांगतात. थिएटर अकॅडमी या दोहोंहून वेगळी होती. तिला नफा कमवायचा नव्हता आणि पांगायचेही नव्हते. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल यांचा वैद्यकीय व्यवसाय दौंडला, सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागात. पोटापाण्याचा व्यवसाय दिवसा आणि तालीम संध्याकाळी, हा त्यांचा क्रम होता. ज्याची भाकरी नाटकावर अवलंबून नाही त्याला प्रेक्षकाला दुखविणे परवडते. संस्थेच्या कलात्मक स्वातंत्र्याचे मूळ या साध्या आर्थिक वस्तुस्थितीत शोधले पाहिजे.

या स्वातंत्र्याचा उपयोग संस्थेने केवळ खळबळ उडविण्यासाठी केला असता तर तिचे महत्त्व अल्पजीवी ठरले असते. परंतु 1974 मध्ये आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आले. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन लावतो आणि आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा हट्ट धरतो. 1979 मध्ये ‘बेगम बर्वे’ आले. संगीत नाटकात दुय्यम स्त्रीभूमिका केलेल्या एका उपेक्षित नटाच्या आणि दोन कारकुनांच्या स्वप्नरंजनात त्या नाटकाने एका वर्गाची सांस्कृतिक पोकळी उघडी केली. कीर्तन आणि नाट्यसंगीत ही पुणेरी अभिमानाची दोन मानचिन्हे. त्यांच्याच सुरांत नगराला त्याचे क्षीण होत जाणे ऐकविण्याचे काम या प्रयोगांनी केले. 1978 च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तला मराठी वेष दिला, तोही याच संस्थेच्या मंचावर. हे सारे जमले, कारण तोच नटसंच, तेच दिग्दर्शक आणि बऱ्याच अंशी तोच प्रेक्षक वर्षानुवर्षे एकमेकांच्या सहवासात होते.

संस्थेचे दुसरे कार्य कमी बोलले जाते. 1985 ते 1994 या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने तिने नाटककारांसाठी आणि महाराष्ट्रातील अन्य नाट्यगटांसाठी विकास योजना चालविल्या. 1986 पासून बर्लिनच्या ग्रिप्स या बालरंगभूमीची नाटके मराठीत आणण्याच्या उपक्रमाचा आरंभ पुण्यात झाला, आणि त्यातही आगाशे अग्रभागी होते. वादग्रस्त नाटकाने नाव मिळविलेल्या संस्थेने ते नाव नव्या लेखकांच्या आणि मुलांच्या उपयोगी आणावे, यातच तिच्या नागरी भूमिकेची प्रगल्भता दिसते.

तथापि, ‘नगर’ हा शब्द येथे सावधपणे वापरावयास हवा. वर उल्लेखिलेला प्रेक्षक मुख्यतः पेठांतील आणि डेक्कन परिसरातील सुशिक्षित मध्यमवर्ग होता. त्याचे आत्मपरीक्षण मोलाचे खरे, पण ते सगळ्या पुण्याचे आत्मपरीक्षण नव्हे. याच शहरात 1855 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि लेखकाच्या हयातीत ते प्रकाशितही झाले नाही. शंभराहून अधिक वर्षांनी ब्राह्मणी सत्तेचे दंभ उघडे करणारे नाटक त्याच शहराच्या मंचावर आले, तेव्हा ते करणारे आणि पाहणारे बव्हंशी त्याच वरिष्ठ वर्गातील होते. संध्याकाळ मोकळी असणे हीही एक मिळकतच असते, आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. बिनपगारी संस्थेचे स्वातंत्र्य आणि तिची मर्यादा ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. संस्थेचा गौरव करणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये. तिला उच्चवर्णीयांचा खेळ म्हणून निकालात काढणाऱ्यांनीही ‘घाशीराम’ची किंमत कोणी मोजली हे विसरू नये.

मराठीबाहेर पाहिले तरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. 1948 मध्ये शंभू मित्र यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात उभ्या राहिलेल्या ‘बहुरूपी’ने 1954 मध्ये ‘रक्तकरबी’ सादर केले, आणि रवींद्रनाथांचे नाटक केवळ वाचण्याचे आहे ही समजूत ढासळली. 1949 मध्ये हेग्गोडूसारख्या खेड्यात स्थापन झालेल्या आणि के. व्ही. सुब्बण्णा यांनी वाढविलेल्या ‘नीनासम’ने तर नगराशिवायही प्रेक्षक घडविता येतो हे दाखविले. तीन भाषांतील या तीन संस्थांची तुलना तीन नाटककारांच्या तुलनेइतकीच फलदायी ठरेल; किंबहुना नाटकाच्या संदर्भात ती अधिक मूलगामी ठरेल.

यावर असा आक्षेप संभवतो की प्रयोग क्षणजीवी असतो, संहिता टिकते. साहित्याच्या अभ्यासकाने टिकणाऱ्या वस्तूकडेच लक्ष द्यावे. परंतु संहिता टिकते, कारण तिचे जतन झाले. तालमीच्या प्रती, प्रकाशयोजनेचे आराखडे, स्वरलेखन, सभांचे वृत्तांत, दौऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या यांचे जतन झाले नाही, तर ती क्षणभंगुरता नाटकाची नसून अभ्यासकांच्या अनास्थेची असेल. तेंडुलकर 2008 मध्ये गेले, चंदावरकर 2009 मध्ये. त्या पहिल्या रांगेत उभ्या राहिलेल्यांच्या आठवणी दरवर्षी थोड्या कमी होत आहेत. स्वतःच्या मालकीचे नाट्यगृह किंवा पगारी कर्मचारी नसलेल्या संस्थांकडून ग्रंथालयाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते काम विद्यापीठांचे आहे, आणि भारतीय भाषांच्या विभागांनी ते आपले मानले पाहिजे. ‘घाशीराम कोतवाल’वर पुढील प्रबंध लिहिणाऱ्याला संहितेबरोबर त्या भिंतीचाही अभ्यास करता यावा, एवढी तरी व्यवस्था आजच्या पिढीने करून ठेवावयास हवी.