यादीबाहेरचा माणूस

सुदानमधील यादवीत अल-फाशर हे शहर मे २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेढ्यात सापडले होते. जनावरांपुढे टाकावयाची भुईमुगाची पेंड तेथे माणसांनी खाल्ली. हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, आपल्याकडे असे होणार नाही ना?’’ ‘नाही’ म्हणण्यापूर्वी मुंबईचाच इतिहास आठवावा लागतो.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाखा आधीच धान्याच्या तुटीचा. अशा वेळी २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. माणसांची नोंद झाली, वाटा ठरला आणि अपुऱ्या धान्यावरही शहर तगले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. अमर्त्य सेन यांच्या मते तो ३० लाखांच्या घरात जातो. कलकत्त्यात धान्य मुळीच नव्हते असे नव्हे. युद्धास आवश्यक अशा कारखान्यांतील कामगारांना ते सवलतीने मिळत होते. खेड्यातून आलेला भूमिहीन मजूर मात्र त्याच शहराच्या पदपथावर मेला, कारण तो कोणाच्याच यादीत नव्हता. तेथे रेशनिंग आले ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस.

तात्पर्य असे की, भूक केवळ धान्याच्या अभावाने येत नाही. ती हक्काच्या अभावानेही येते. यादवीत तर यादी करणाराच एका पक्षाचा असतो. म्हणून ही यादी शांततेच्या काळातच पुरी झाली पाहिजे.

ती पुरी आहे काय? २०२० च्या टाळेबंदीत घाटकोपर-अंधेरीच्या वस्त्यांतील कित्येक मजुरांची शिधापत्रिका गावी होती आणि पोट येथे होते. शिधापत्रिका देशभर चालावी ही व्यवस्था पुढे झाली, हे खरे. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये दरमहा माणशी ५ किलो धान्य किती जणांना द्यावयाचे, हे अद्याप २०११ च्या जनगणनेवरूनच ठरते. त्यानंतर वाढलेली माणसे या हिशेबात नाहीत.

रेशन म्हणजे गळती आणि काळाबाजार, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण गळती थांबविण्याचा उपाय दुकान बंद करणे हा नव्हे, त्यावर नजर ठेवणे हा आहे. एके काळी शिक्षक आणि कारकूनही पिशवी घेऊन त्या रांगेत उभे असत. म्हणून तक्रारीला वजन होते. आम्ही रांग सोडली, आणि तिच्याविषयीची आस्थाही सोडली. नवी जनगणना होताच लाभार्थींची संख्या वाढवावी, ही मागणी रांगेबाहेरच्या आपण सर्वांनी केली पाहिजे. संकट आल्यावर यादी करू म्हणणाऱ्यांनी १९४३ चे कलकत्ता आठवावे.