बाप्तिस्मा म्हणजे बारसे नव्हे

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक नवा मुलगा आला. नाव अस्सल मराठी, आडनावही मराठी. धर्माच्या रकान्यात मात्र 'ख्रिस्ती'. शेजारी उभे असलेले एक सहकारी त्याला म्हणाले, "हे झालं घरातलं नाव. बाप्तिस्म्यात ठेवलेलं खरं नाव सांग." मुलगा म्हणाला, "सर, हेच खरं आहे." सहकारी हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्हां शहाण्यांनी बाप्तिस्म्याला 'ख्रिस्ती लोकांचे बारसे' करून टाकले आहे. मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर. माझे ग्रीक कोशापुरतेच. पण कोश उघडायला पदवी लागत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, पाण्यात बुचकळणे. त्यात नावाचा लवलेशही नाही. आणि गंमत अशी की, आपल्या बारशातही तो नाही! तिथे आहे तो बारा हा आकडा, बारावा दिवस. एक शब्द पाणी सांगतो, दुसरा दिवस सांगतो. नाव दोघांनाही मागाहून चिकटले. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची चाल पडली, त्याच वेळी त्यांचे नाव उच्चारले जाऊ लागले आणि दोन गोष्टींची गल्लत झाली.

शुभवर्तमान उघडून पाहा. येशूचे नाव ठेवले आठव्या दिवशी. बाप्तिस्मा झाला तो तिशीच्या सुमारास. बाप्तिस्मा म्हणजेच बारसे असेल, तर इतकी वर्षे तो बिननावाचा हिंडत होता काय?

इतके दूर तरी कशाला जा? बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली ती बाबा पदमनजी म्हणूनच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातला नारायण गेला नाही, वामन गेला नाही, टिळकही गेला नाही.

कोणी म्हणेल, मग गोव्यात काय झाले? पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर नावे बदलली, आडनावेही बदलली, हे खरे. पण ती सत्तेची रीत होती, शब्दाचा अर्थ नव्हे. सत्तेने केलेल्या जुलमाचा जाब शब्दाला का विचारायचा? आणि वर्गातल्या पोराला तर मुळीच विचारायचा नाही.

वहीतली चूक लाल शाईने दुरुस्त होते. पण "तुझे खरे नाव कोणते?" असे इथल्याच मातीतल्या मुलाला विचारणे म्हणजे "तू आमच्यातला नाहीस" असे सांगणे. ती चूक कोणत्या शाईने खोडणार? त्याच्या आईबापांनी हौसेने नाव ठेवले. आपण काही त्याच्या बारशाला जेवलो नव्हतो. मग ते खरे की खोटे ठरवणारे आपण कोण?