एक नंबरचा चेंडू

मुलांनो, या वेळी जरा वेगळ्याच चेंडूची गोष्ट सांगते. आमच्या चौथीच्या वर्गातल्या एकाचे वडील पर्यटकांची गाडी चालवतात. धरणाच्या काठी तंबूत राहायला आलेल्या एका पाहुण्याने त्यांना गोल्फचा जुना चेंडू दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो दप्तरात बसून थेट शाळेत आला. एका बाजूला खरचटलेला, अंगभर बारीक खळ्या, कंपनीचं नाव आणि त्याखाली ठसठशीत ३.

झालं! वर्गात वाद सुरू. "बाई, हा तीन नंबरचा आहे. म्हणजे एक नंबरचा याच्याहून भारी असणार ना?" दुसरा म्हणाला, "उलटं असेल. तीन नंबर म्हणजे मोठा, फुटबॉलसारखा!"

यात मुलांचं काय चुकलं? आपली बोलीच तशी आहे. मिसळ झकास झाली की आपण म्हणतो, "एक नंबर!" वर्गात पहिला आला की त्याचा पहिला नंबर. फुटबॉलचे तर खरोखरच तीन, चार, पाच नंबर असतात आणि ते मापाचे असतात. पण गोल्फच्या चेंडूवरचे १, २, ३, ४ गुणांचेही नाहीत आणि मापाचेही नाहीत. चारही चेंडू अगदी सारखे. मग आकडा कशाला?

त्यासाठी खेळ थोडा समजून घ्यायला हवा. क्रिकेटमध्ये बावीस जणांत चेंडू एकच. गोल्फमध्ये मात्र ज्याचा त्याचा चेंडू वेगळा. काठीने तो मारत मारत लांबच्या छोट्या भोकात घालायचा, कमीत कमी फटक्यांत. अशी १८ भोकं. आता समजा चौघे मिळून खेळताहेत. चौघांचे चेंडू पांढरे. फटका बसला की चेंडू दीड-दोनशे मीटर लांब जातो. तिथे गवतात दोन चेंडू शेजारी शेजारी पडले, तर आपला कुठला?

म्हणून पहिला फटका मारण्याआधी सगळे एकमेकांना सांगून ठेवतात, "माझा अमुक कंपनीचा, तीन नंबर." दुसऱ्याचाही तोच निघाला तर एक जण चेंडू बदलतो. शिवाय पेनाने आपली खूण करतात. कुणी दोन लाल ठिपके देतो, कुणी रेघ ओढतो. आपल्या घरी नाही का, तांब्या-पेल्यांवर नावं घालून घेतात! लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र झाली की त्या नावांवरूनच ती परत घरी येतात.

आपल्या मावळातल्यांना तर हे आणखी सोपं जावं. इथल्या आणि खेड-जुन्नरकडच्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईत डबेवाल्याचं काम करत आली आहेत. डब्याच्या झाकणावर आकडे, अक्षरं आणि रंग असतात. डबा कुठल्या भागात जायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं त्यात आलं. नऊ लिहिलेल्या डब्यातली भाजी तीन लिहिलेल्या डब्यातल्या भाजीपेक्षा चविष्ट, असं कुणी म्हणतं का?

चेंडूंचं डझनाचं खोकं घेतलं तर आत चार छोटी खोकी असतात, प्रत्येकात तीन चेंडू. बहुधा एका छोट्या खोक्यातल्या तिन्ही चेंडूंवर एकच आकडा असतो. काही खोक्यांत ५ ते ८ असे आकडेही मिळतात. मोठे खेळाडू तर मागवून आकडा घालून घेतात. उत्तर आयर्लंडचा रॉरी मॅकिलरॉय २२ आकड्याचा चेंडू वापरतो, कारण त्याचं लग्न २०१७ साली २२ एप्रिलला झालं!

खुणेला एवढं महत्त्व का, तर चुकून दुसऱ्याचा चेंडू मारला की दोन फटक्यांचा दंड बसतो. ती चूक वेळेत सुधारली नाही, तर स्पर्धेतूनच बाद. आणि प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नसतो, बरं का. बहुतेक वेळा आपला आपणच सांगायचा.

२०१९ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मेक्सिकोत एक मोठी स्पर्धा चालू होती. त्यात अमेरिकेचा रसेल हेन्ली खेळत होता. अशा स्पर्धांत आणखी एक नियम असतो : पूर्ण फेरी एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या चेंडूने खेळायची. आकडा बदलला तर चालतो, प्रकार बदललेला चालत नाही. हेन्लीने फेरी ६९ फटक्यांत पुरी केली. मग तो प्रेक्षकांना वाटायला आपल्या चेंडूंवर सह्या करत बसला. त्यातल्या एका चेंडूवरची छापील खूण किंचित वेगळी! थोडा वेगळ्या प्रकारचा चेंडू त्याच्या पिशवीत कसा कोण जाणे आला होता. हे दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. हेन्ली स्वतः उठून अधिकाऱ्यांकडे गेला. तो चेंडू त्याने चार भोकांवर वापरल्याचं ठरलं. दर भोकाला दोन फटके, म्हणजे आठ फटक्यांचा दंड. ६९ चे ७७ झाले आणि उरलेल्या फेऱ्यांतून तो बाहेर गेला.

चेंडूवर कधी कधी तीन आकडी संख्या दिसते, तीनशे ते चारशेच्या आसपासची. ती खळ्यांची संख्या. (मोजून बघायचं असेल तर मोजलेल्या खळीवर पेनाचा ठिपका देत जा, नाहीतर रात्र होईल!) या खळ्या शोभेच्या नाहीत. जुने चेंडू गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे आणि गुळगुळीत असत. खेळणाऱ्यांना दिसलं, की नवा चेंडू नीट उडत नाही. ठोके बसून ओबडधोबड झालेला मात्र लांब जातो. धरणात बोट जाते तेव्हा तिच्यामागे पाणी कसं खळबळतं, ते तुम्ही पाहिलंय. उडत्या चेंडूमागे हवेची तशीच खळबळ होते आणि ती त्याला मागे ओढते. खळ्यांमुळे चेंडूला लागून असलेला हवेचा पातळ थर घुसळला जातो, तो पाठीकडे जास्त लांबवर चिकटून राहतो. मागची खळबळ अरुंद होते, ओढ कमी होते. गुळगुळीत चेंडू याच्या जेमतेम निम्म्या अंतरावर पडतो.

पूर्वी ८०, ९०, १०० असेही आकडे असत. चेंडू दाबायला किती कठीण, याचे ते आकडे. हल्ली ते फारसे छापत नाहीत.

मग चेंडू निवडायचा कसा? वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, हा नियम सगळ्यांना सारखा. महागड्या चेंडूत तीन ते पाच थर असतात, वरचं आवरण मऊ असतं, त्यामुळे जवळच्या फटक्यात त्याला फिरकी जास्त मिळते. शिकणाऱ्याला ती फिरकी सांभाळताच येत नाही! त्याचे चेंडू झुडपात आणि पाण्यात हरवायचेच. त्याने रबराचा गाभा आणि वर एक टणक आवरण असलेला दोन थरांचा साधा चेंडू घ्यावा. पाण्यातून काढून धुतलेले जुने चेंडूही स्वस्तात मिळतात. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर तेच वापरावेत.

हा खेळ आपला नाही, असं मात्र समजू नका. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून जे दोन पुरुष गोल्फ खेळले, त्यातला उदयन माने पुण्याचा आणि अनिर्बान लाहिरीचा जन्मही पुण्यातलाच, १९८७ चा. येरवड्याला गोल्फचं मोठं मैदान आहे.

एखादा चेंडू तुमच्या हाती आला तर तो कापू नका आणि त्याने क्रिकेट तर मुळीच खेळू नका, दगडासारखा लागतो. त्यापेक्षा हा प्रयोग करा. पेलाभर साध्या पाण्यात तो सोडा. बुडेल. आता सात-आठ चमचे मीठ टाकून ढवळा. चेंडू तरंगला नाही तर आणखी थोडं टाका. तरंगला की वर आलेल्या भागावर पेनाने ठिपका द्या, चेंडू बोटाने फिरवा आणि सोडून द्या. दर वेळी तोच ठिपका वर येऊन थांबला, तर त्याची दुसरी बाजू जड आहे. असा चेंडू सरळ घरंगळणार नाही. ठिपका कुठेही थांबला तर चेंडू चांगला, मग त्यावर आकडा कुठलाही असो. आणि हो, ते खारं पाणी तुळशीला घालू नका.