शहर बस : प्रश्न गाड्यांचा की वेळेचा?

अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मार्च २०२२ पासून दोन्हीकडे प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे जवळजवळ चार वर्षे शहर बस का येत नाही, हे सभागृहात विचारायला नगरसेवकच नव्हता. आता तो आहे आणि बहुधा 'किती गाड्या आणणार?' हाच प्रश्न तो प्रथम विचारील. हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

वऱ्हाडातील या दोन शहरांत शहर बसची कहाणी फारशी वेगळी नाही. ठेकेदार नेमला जातो, थाटात फीत कापली जाते, काही काळ गाड्या धावतात. मग टायर, सुटे भाग, चालक-वाहकांचे पगार आणि देणी-घेणी यांचा घोळ सुरू होतो व एकेक गाडी उभी राहते. अकोल्यात तर सेवा सुरू होऊन बंद पडण्याचा अनुभव नागरिकांनी एकाहून अधिक वेळा घेतला आहे. अमरावतीची गोष्ट खरे तर सोपी असायला हवी होती. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरील बडनेरा स्थानक शहराच्या एका टोकाला, विद्यापीठ दुसऱ्या टोकाला आणि मध्ये राजापेठ, राजकमल, पंचवटी. असा सरळ, गर्दीचा मार्ग बससेवेला शोधूनही सापडत नाही. परंतु रेल्वे गाठायची असलेला माणूस बसची वाट पाहत नाही, ऑटो करतो. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. मुंबईला किती वाजता उतरणार हे अमरावतीकर आता सांगू शकतो. बडनेऱ्याहून निघून गाडगेनगरला किती वाजता उतरणार, हे मात्र त्याने सांगू नये!

असे का होते? राज्यातील लहान शहरांत ठेकेदाराने तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवायचे आणि महापालिकेला ठराविक स्वामित्वधन द्यायचे, अशी पद्धत रूढ झाली. महापालिकेला ती सोयीची वाटते, कारण तिजोरीतून काही जात नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला. तेव्हा ही काटकसर समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम रस्त्यावर दिसतो. ठेकेदाराची कमाई प्रवाशांवर अवलंबून असल्याने सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी सगळ्या गाड्या एकाच मार्गावर लोटतात. दुपारची आणि रात्रीची फेरी तोट्याची, म्हणून ती गाळली जाते. शेवटची बस नाही म्हटल्यावर सकाळी बसने गेलेला कामगारही दुसऱ्या दिवसापासून दुचाकी काढतो. गाळलेल्या एका फेरीने भरलेल्या फेरीचाही प्रवासी जातो, हे हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

थोडे अंकगणित करू. एका मार्गावर जाऊन-येऊन, विसाव्यासह दीड तास लागतो आणि सहा गाड्या आहेत असे समजा. दर पंधरा मिनिटांनी बस मिळेल. दोन गाड्या नादुरुस्त झाल्या की हे अंतर साडेबावीस मिनिटांवर जाते. उरलेल्या चार गाड्या जोडीजोडीने धावल्या, तर पंचेचाळीस मिनिटांवर! पहिल्या स्थितीत प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते, शेवटच्या स्थितीत साडेबावीस. यापैकी तीन-चतुर्थांश वाढ गाड्यांच्या तुटवड्याची नव्हे, केवळ नियंत्रणाच्या अभावाची आहे. म्हणून राखीव गाड्या, सुसज्ज आगार आणि थांब्याथांब्यावर वेळ तपासणारा वाहतूक नियंत्रक या तीन नीरस गोष्टी नव्या रंगाच्या बसपेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना या संदर्भात पाहावी लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत दहा हजार विजेच्या बस आहेत. कंत्राटदाराला तिकिटाचे नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. त्यातील बारा मीटरच्या बससाठी २४ रुपये, नऊ मीटरसाठी २२ आणि सात मीटरसाठी २० रुपये प्रतिकिलोमीटर केंद्र देते, तेही दहा वर्षे. फेरी रिकामी गेली तरी ती धावावी, अशी ही रचना आहे. पाच लाखांखालील शहराला पन्नास आणि पाच ते वीस लाखांच्या शहराला शंभर गाड्यांपर्यंत मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेत अकोल्याची लोकसंख्या ४,२५,८१७ आणि अमरावतीची ६,४७,०५७ होती. केंद्राच्याच सेवा-निकषांनुसार हजार लोकांमागे ०.६ बस ही उत्तम, तर ०.२ पेक्षा कमी ही सर्वांत खालची श्रेणी. या मर्यादेइतक्या गाड्या मिळाल्या तरी अकोला ०.१२ आणि अमरावती ०.१५ वरच राहते, आणि तीही पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर. तेव्हा थोड्या गाड्या सगळीकडे शिंपडण्यापेक्षा चार-पाच मार्गांवर दाट फेऱ्या ठेवणे शहाणपणाचे. नगरसेवकांना हे पटवणे अवघड. प्रत्येकाला बस आपल्या प्रभागातून जायला हवी असते.

किलोमीटरमागे पैसे देण्याची पद्धतही जादूची कांडी नाही. मुंबईत 'बेस्ट'ने चालकासह भाड्याने गाड्या घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या चालकांनी पगारासाठी संप केला आणि मुंबईकर थांब्यांवर ताटकळले; काही कंत्राटदारांनी तर सेवाच सोडली. महापालिकेने कंत्राटदाराची देयके थकवली की हीच पाळी कोठेही येऊ शकते. केंद्रालाही ही भीती असावी. सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक-सुरक्षा योजना त्यासाठीच मंजूर झाली. महापालिकेने पैसे चुकवले तर कंत्राटदाराला ते तेथून मिळतील आणि पुढे राज्याकडून वसूल होतील.

मग सभागृहात विचारायचे ते हे : ठरलेल्या किती फेऱ्या गेल्या महिन्यात प्रत्यक्ष धावल्या? त्यातील किती वेळेवर? न धावलेल्या फेरीचा दंड किती आणि तो वसूल झाला का? प्रत्येक बसमध्ये स्थानदर्शक यंत्र असताना ही आकडेवारी दरमहा वर्तमानपत्रात का येऊ नये? आणि अंदाजपत्रकात बससाठी स्वतंत्र तरतूद किती? अकोल्यात २०१६ च्या हद्दवाढीत मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी ही गावे शहरात आली. कर महापालिकेचा लागला. तेथून सर्वोपचार रुग्णालयाकडे येणाऱ्या पहिल्या आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ कोणती, हेही त्याच बैठकीत लेखी मागता येईल.