हेन्रीचा हिशेब कोणी चुकता केला?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना डोंगरी लागते. या पट्ट्यात जुनी चर्च आणि रस्त्याच्या कडेला क्रूस दिसतात. इतिहासाच्या तासाला पोर्तुगीजांचा धडा आला की मुले आम्हाला हमखास विचारतात, "मग हे शेजारी पण पोर्तुगीजच का?" प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर नीट दिले नाही तर कोवळ्या मनात गाठ बसते. म्हणून या महिन्यात आम्ही अशा एका माणसाची कहाणी सांगत आहोत, ज्याने डोंगरी कधी पाहिली नाही, पण ज्याच्या पंथाचा क्रूस जहाजांच्या शिडांवर बसून आपल्या किनाऱ्यापर्यंत आला.

त्याचे नाव हेन्री. पोर्तुगालचा राजा पहिला जॉन याचा हा मुलगा १३९४ साली जन्मला. १४१५ साली बाप-लेकांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सब्ता हे मुसलमानांचे शहर जिंकले. पाच वर्षांनी हेन्री 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या पंथाचा प्रमुख कारभारी झाला. हा पंथ टेम्पलरांचा वारस होता. टेम्पलर म्हणजे संन्याशाची शपथ घेतलेले शिपाई. क्रुसेडच्या काळात त्यांचे ठाणे जेरुसलेमला मस्जिद-ए-अक्सातच होते. ११८७ साली सुलतान सलाहुद्दीन यांनी ते शहर परत घेतले. पुढे १३१२ मध्ये पोपने टेम्पलर पंथ मोडला. पोर्तुगालमधली त्यांची मालमत्ता १३१९ साली स्थापन झालेल्या या नव्या पंथाला मिळाली.

हेन्रीने पंथाचे उत्पन्न समुद्रमोहिमांवर लावले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे बोजादोर भूशिर ओलांडायला खलाशी घाबरत. त्याने पुन्हा पुन्हा जहाजे पाठवली आणि १४३४ साली ते ओलांडले गेले. त्याची चिकाटी मान्य करावीच लागेल. पुढे जगाने त्याला 'नाविक' म्हटले, पण तो स्वतः मोरोक्कोपलीकडे गेला नाही. धोका नेहमी दुसऱ्यांनी पत्करला.

१४३७ साली त्याने टँजिअरवर स्वारी केली. तिथे त्याचेच सैन्य वेढले गेले. सुटकेसाठी त्याने करार केला: सब्ता परत देऊ, तोपर्यंत माझा धाकटा भाऊ फर्नांडो तुमच्याकडे ओलीस राहील. फौज सुखरूप परतली. सब्ता मात्र परत दिले नाही, आणि ते देऊ नये असे म्हणणाऱ्यांत हेन्रीही होता. वाट पाहत फर्नांडो १४४३ साली फेसच्या कैदेत वारला. वचन थोरल्याने दिले, त्याची किंमत धाकट्याने जीव देऊन मोजली. अहद म्हणजे काय, हे मुलांना समजावायला याहून कडू धडा दुसरा कोणता?

त्याच्या पुढच्या वर्षी, १४४४ च्या ऑगस्टमध्ये, लागोस बंदरात २३५ गुलाम उतरवले गेले. त्यांत वाळवंटातले मुसलमानही होते. वाटणी करताना आयांपासून लेकरे ओढून काढली. घोड्यावर बसून पाहणाऱ्या हेन्रीला पाचवा हिस्सा मिळाला. हे कोणा शत्रूने लिहिलेले नाही. त्याचे गुण गाणाऱ्या झुरारा या दरबारी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. १४६० साली हेन्री वारला, तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठे कर्ज होते.

त्याने आखलेल्या वाटेनेच पुढे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. याच गामाने १५०२ साली हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायका-मुलांसकट जाळले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली आणि दोनशे वर्षांचा तो अंमल संपला.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. डोंगरी-उत्तनचे ख्रिस्ती शेजारी पोर्तुगीज नाहीत. त्यांचे पूर्वज इथलेच कोळी, इथलेच शेतकरी. त्यांनी धर्म बदलला, पण दर्या, भातशेती आणि भाषा तीच राहिली. आजही ते मराठीत प्रार्थना करतात. हेन्रीची किंवा गामाची कृत्ये त्यांच्या नावावर कशी मांडणार?

हे आपल्याला तर चटकन कळायला हवे. कुठल्या तरी जुन्या बादशहाच्या करणीचा जाब आपल्या मुलांना वर्गात, बाजारात, नोकरीच्या जागी विचारला जातो, तेव्हा ते किती बोचते हे आपण जाणतो. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तोच शेजाऱ्याला देणे म्हणजे अदल. नावडत्या माणसाशीही अदलानेच वागावे, अशी आपल्या दीनची ताकीद आहे. आणि इथे तर समोर नुसता शेजारी आहे.

म्हणून इतिहास लपवू नका, मुलांना तो पूर्ण सांगा. टँजिअरचा करार सांगा, लागोसचा बाजार सांगा, जळालेले जहाजही सांगा. फक्त हिशेब ज्याचा त्याच्याच नावावर लिहा. भावाला ओलीस ठेवून निघून जाणे ही हेन्रीची रीत होती. आपण आपल्या रागापायी शेजाऱ्याला ओलीस धरू नये.