मैदान खेळाडूंचे, मग आपले काय?

स्नेहसंमेलनातील पारितोषिक वितरण आपण सारेच दरवर्षी पाहतो. कबड्डी, खो-खोच्या ढाली घ्यायला तीच दहा-पंधरा मुले पुन्हा पुन्हा व्यासपीठावर जातात आणि आपण टाळ्या वाजवतो. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच! पण यंदा टाळ्या वाजवताना मनात एक प्रश्न आला. जिमखान्याची फी तर प्रवेशाच्या वेळी सर्वांनीच भरली आहे. मग उरलेल्या शेकडो जणांच्या वाट्याला काय? फक्त टाळ्या?

व्यायाम हा खेळाडूंचा प्रांत, अशी आपली ठाम समजूत आहे. विशेषतः आपण कलाशाखेची मंडळी! "मला काय पैलवान व्हायचंय?" असे म्हटले की आपली सुटका झाली. मीही तेच म्हणत असे.

माझे मत बदलले ते अण्णांमुळे. माझे वडील एस.टी.त चालक आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्या रक्तातील साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "दिवसाकाठी चालता किती?" अण्णा हसून म्हणाले, "साहेब, रोज तीनशे किलोमीटर जातो, पण बसून!" सगळे हसले. मला मात्र ते वाक्य विसरता येईना.

पुढे या विषयावर वाचताना लंडनच्या बसगाड्यांची हकीकत सापडली. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. गाडी एकच, रस्ता एकच. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. त्या कंडक्टर-पोस्टमनांना कोणी ढाल दिली नव्हती, की ते कुठल्या आखाड्यात घुमत नव्हते. ते फक्त हलत होते.

याची कारणेही समजण्यासारखी आहेत. चालता-पळताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. नियमित व्यायामाने हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलता येते, म्हणून त्याचे श्रम वाचतात. झोप सुधारते, मनावरचा ताण हलका होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री छताकडे पाहत पडून राहणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको! आणि मागणी तरी केवढी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचे आहे. भरभर चालणेही त्यात धरले जाते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. कॅन्टीनमध्ये आपण याहून अधिक वेळ घालवतो!

"पण अभ्यासाचे काय?" असे कोणी विचारील. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष प्रकृती कमावण्यासाठी दिले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या विद्वत्तेचे त्यामुळे नुकसान झाले, असे म्हणायला कोणीही धजणार नाही. आपल्याला तर वर्ष नव्हे, अर्धा तासच द्यायचा आहे.

मुलींविषयी मात्र स्पष्टच लिहिते. आम्ही दोघी-तिघी मैदानाला फेऱ्या मारू लागलो की कट्ट्यावरून शेरे येतात. घरी म्हणतात, "धुणीभांडी केलीस की झाला व्यायाम." घरकामाने शरीर हलते हे खरे, ते कष्ट कमी लेखू नयेत. पण दम लागेल असे धावणे, स्नायूंना जोर लागेल असे काही करणे, हेही शरीराला हवे असते. हाडांची बळकटी साधारण तिशीपर्यंतच साठवली जाते; पुढे त्या ठेवीतून खर्चच होतो. ठेव ठेवण्याच्या वयातच आम्ही मैदानाच्या कडेला उभ्या! भारतातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करीत नाहीत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेली एक आंतरराष्ट्रीय पाहणी सांगते. हे केवळ आळसाचे फळ आहे काय? मला तसे वाटत नाही. त्यात जागेचा, वेळेचा आणि लोकांच्या नजरांचाही वाटा आहे.

म्हणून गुरुजनांना एक नम्र विनंती. संघांचा सराव संध्याकाळी असतो. सकाळी मैदान रिकामे असते. तासिका सुरू होण्यापूर्वीचा एक तास ते सर्वांना खुले करावे आणि त्यातले काही दिवस मुलींसाठी राखावेत. नवी इमारत नको, महागडी साधने नकोत. आणि आपणही, सर, मॅडम, आमच्याबरोबर दोन फेऱ्या माराव्यात. मग कट्ट्यावरचे शेरे आपोआप थांबतील!

अण्णा आता मुक्कामाच्या गावी पोहोचले की स्टँडपासून गावाच्या वेशीपर्यंत चालून येतात. मात्र "हे विशीतच सुरू करायला हवं होतं," असे परवा ते म्हणाले. मित्रमैत्रिणींनो, आपण अजून विशीत आहोत.